घळ बुजवण्याआधी पाणी शोधले: एका डोंगरवाटेच्या दुरुस्तीचे प्रकरण

हे प्रकरण एका खऱ्या वाटेचे आहे. डोंगर, गट आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशा बेताने तपशील बदलले आहेत. मापे गटाच्या कामाच्या वहीतली आहेत आणि ती ढोबळच आहेत.

पार्श्वभूमी

वाट जुनी होती. पायथ्याच्या ओढ्यापासून निघायची, एका लांबलचक सोंडेवर चढायची आणि सोंडेच्या धारेवरूनच सरळ खिंडीत पोचायची. गुराख्यांनी आणि मोळीवाल्यांनी पाडलेल्या बऱ्याच वाटा अशाच असतात: जवळच्या, थेट, वळणांचे लाड नसलेल्या. दिवसाकाठी मोजकी माणसे आणि थोडी गुरे, एवढ्या वापराला ती पुरून उरत होती.

पुढे खिंडीतून दिसणाऱ्या सूर्योदयाचे फोटो फिरू लागले आणि वापराचे स्वरूपच पालटले. सुट्टीच्या दिवशी रांग लागू लागली. त्यातली निम्मी माणसे पहाटेच्या अंधारात, पुढच्याच्या टाचा बघत चढणारी. पायाखाली काय आहे हे त्यांना उतरतानाच कळायचे.

या वाटेचे तीन भाग आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे. खालचा भाग खडकाळ आणि अरुंद: एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला ओढ्याचे पात्र. मधला भाग सोंडेवरचा, माती आणि मुरमाचा, सगळ्यात लांब. वरचा भाग खिंडीखालच्या गवताळ सपाटीचा. दुरुस्तीचा सगळा वाद मधल्या भागावरून झाला.

काम हाती घेणारा गट म्हणजे वर्षानुवर्षे एकत्र डोंगर चढणारी मंडळी. त्यांत एक गवंडी होते, एक मुलगी मृदसंधारणाच्या कामावर काही काळ राहून आलेली होती, बाकीच्यांकडे उत्साह आणि रविवार.

अडचण

मधल्या भागात वाटेची घळ झाली होती. काही ठिकाणी मांडीइतकी खोल, तळाशी सुटा मुरूम, दोन्ही काठांतून झाडांची मुळे बाहेर लोंबणारी. पावसात तिथून पाणी वाहायचे आणि उन्हाळ्यात घसारा तयार व्हायचा. घळीत कोणी उतरेना, म्हणून लोक काठाने चालू लागले. काठ ढासळला की त्याच्याही बाहेरून. एका वाटेच्या तीन वाटा झाल्या आणि त्या तिन्हींतले गवत गेले.

यामागचे गणित साधे आहे. पावलांनी माती दाबली जाते, गवत मरते, वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे खाली जाते. एवढे झाले की तिचा पाट होतो. आत शिरलेल्या पाण्याला कडेने बाहेर पडता येत नाही, ते वाटेवरूनच खाली धावते आणि उतार तीव्र असला तर वेग घेते. वेगाचा परिणाम सरळ चढत जात नाही, ही यातली खरी मेख आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन ६४ पटींपर्यंत वाढते, असे प्रवाहशास्त्रातले जुने गणित सांगते. म्हणून घळ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि मग एखाद्या जोराच्या पावसात एकदम गुडघाभर खचते. लोक त्या पावसाला दोष देतात.

आदल्या वर्षी गटाने एक दुरुस्ती करून पाहिली होती. मातीने भरलेली पोती आणि सुटे दगड टाकून घळ काठोकाठ भरली. दिसायला काम देखणे झाले. पहिल्या मोठ्या पावसात सगळा भराव ओढ्यात गेला, पोत्यांच्या चिंध्या झुडपांना लटकल्या आणि खालच्या डोहात गाळ साचला. जमिनीची देखरेख ज्या कार्यालयाकडे होती त्याचे पत्र आले: लेखी परवानगीशिवाय पुढचे काम करू नये.

भराव का टिकला नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घळीचा तळ निदान वर्षानुवर्षे दाबला गेलेला असतो, नवा भराव सुटा असतो. पाणी जिथून येत होते तिथूनच येत राहिले आणि त्याला वाहून न्यायला आयती मऊ माती मिळाली.

पहिला निर्णय: काम थांबवून पावसात जायचे

परवानगीचा अर्ज करताना आराखडा जोडावा लागणार होता. गटातल्या बहुतेकांचे मत होते की मापे घेऊन, पायऱ्यांचे चित्र काढून अर्ज द्यावा. मृदसंधारणातल्या मुलीने अडवले. तिचे म्हणणे एवढेच होते की कोरड्या दिवशी घेतलेल्या मापांत घळ दिसेल, पाणी दिसणार नाही.

म्हणून चार जण मुसळधार पावसात वर गेले. हा भाग वहीत सविस्तर लिहिलेला आहे. घळीच्या वरच्या तोंडाशी उभे राहिले तर तिथे पाणी जेमतेम पाऊलभर होते. दोन वळणे खाली तेच पाणी पोटरीला लागत होते. मधल्या पट्ट्यात कुठून तरी भर पडत होती. मुलीने पिशवीतून लाकडाचा भुसा आणला होता. ती डाव्या उतारावर चढून जिथे जिथे पाणी चमकत होते तिथे मूठभर भुसा सोडत गेली आणि बाकीचे घळीत नजर लावून बसले. तिसऱ्या-चौथ्या मुठीला पिवळा पट्टा थेट घळीत उतरला.

तो एक छोटा ओहोळ होता. पूर्वी तो वाट आडवी ओलांडून पलीकडच्या उतारावर उतरायचा, त्याचे जुने कोरडे पात्र गवतात अजून दिसत होते. ओलांडायच्या जागी पाय ओले होऊ नयेत म्हणून कोणीतरी मोठे दगड रचून टप्पे केले होते. त्या दगडांमागे गाळ साचला, पलीकडची कड उंच झाली आणि ओहोळाने वाट ओलांडायचे सोडून वाटेवरूनच खाली जायला सुरुवात केली. घळ सुरू होते ती नेमकी तिथून.

"म्हणजे आपण वर्षभर पाणी पाडणारा नळ सोडून बादलीच पुसत होतो," गवंडीकाका म्हणाले.

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही अर्ध्या दिवसाची पाहणी. पुढच्या सगळ्या चर्चेचा रोखच तिने बदलला. घळ कशाने भरायची हा प्रश्न मागे पडला. पाणी कुठे कुठे वाटेत शिरते आणि त्याला कुठे बाहेर काढता येईल, याची यादी हाच आराखड्याचा पाया झाला.

समोर असलेले पर्याय

ओहोळाची जागा दुरुस्त करणे सगळ्यांनाच मान्य होते. प्रश्न मधल्या भागाच्या उरलेल्या चढाचा होता.

पहिला पर्याय दगडी फरसबंदीचा. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत 'फिक्स द फेल्स' या उपक्रमात असे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे: मोठे दगड जमिनीत खोल रुतवून, एकमेकांत घट्ट बसवून चढाची वाट बांधायची. हे काम टिकते. पण त्याला कसबी हात लागतात आणि दगड भरपूर लागतो. तिथे दुर्गम जागी दगड हेलिकॉप्टरनेही पोचवले गेले आहेत. या गटाकडे घमेली होती.

दुसरा पर्याय आहे त्याच रेषेवर ठरावीक अंतराने तिरके आडबांध, म्हणजे वाटेवरचे पाणी कडेला वळवणाऱ्या दगडांच्या ओळी, घालायचा. स्वस्त आणि लवकर होणारे काम. पण वाट सोंडेच्या धारेवरून थेट उताराच्या रेषेत जात होती, चढ ३० टक्क्यांच्या (म्हणजे आडव्या शंभर मीटरला तीस मीटर उंचीच्या) आसपास, आणि आता ती दोन्ही काठांपेक्षा खोल होती. घळीतून पाणी बाहेर काढायचे तर प्रत्येक बांधापाशी काठ फोडून लांब चर खणावा लागणार. इतक्या उतारावर एक बांध तुंबला की त्याचे पाणी खालच्यावर जाते आणि मग ते सगळे ओळीने जातात.

तिसरा पर्याय मधला भाग सोडून देऊन सोंडेच्या कुशीतून, म्हणजे तिच्या बाजूच्या उतारावरून, नवी वाट काढायचा. वाटा आखणारे लोक यासाठी एक ढोबळ नियम पाळतात: वाटेचा चढ हा ती ज्या उतारावरून जाते त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार ४० टक्के असेल तर वाट २० टक्क्यांच्या आत. निम्म्याहून जास्त झाली की पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेने धावणे पसंत करते. शिवाय सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा, असाही संकेत आहे. धारेवरच्या वाटेला निम्म्याचा नियम कधीच पाळता येत नाही, कारण तिथे वाट आणि उतार एकच असतात. कुशीत मात्र जागा होती.

चौथा पर्याय, काही काळ वाट पूर्ण बंद ठेवायचा, कार्यालयाने सुचवला होता. गटाने तो गंभीरपणे घेतला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होते. घळीत पाणी येत राहिले तर माणसे न येऊनही ती खोलच होत जाते. दुसरे म्हणजे, बंद वाटेवरून लोक फक्त बाजूने जातात.

वाद रंगला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांत. नवी वाट म्हणजे चांगल्या गवतावर नवा ओरखडा, हा आक्षेप रास्त होता. नवी वाट झाली आणि जुनीही चालू राहिली तर एकाऐवजी दोन घळी होतील. नव्या वाटेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे अॅपलाचियन ट्रेलचे उदाहरण होते. अमेरिकेतली ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली, आजही तिची निगा मुख्यतः स्वयंसेवकांचे क्लब राखतात, आणि सुरुवातीला सरळ चढवलेले तिचे कित्येक तुकडे नंतर याच कारणासाठी हलवावे लागले.

शेवटी ठरले ते मिश्र: खालच्या अरुंद भागात दगडी पायऱ्या, कारण तिथे हलायला जागाच नाही. मधल्या भागात कुशीतून नवी वाट. वरच्या सपाटीवर तूर्त काही नाही.

वळणे किती?

पहिल्या आराखड्यात कुशीतल्या वाटेला पाच वळणे होती. उतारमापकाने मोजून, प्रत्येक तुकडा १० टक्क्यांत बसवून, कागदावर फार सुबक दिसणारी रेघ. रेषेवर छोटे झेंडे रोवून गटाने तिथे रोज येणाऱ्या एका वयस्कर गुराख्याला ती चालून बघायला सांगितले. तो पहिल्या वळणापर्यंत गेला, थांबला आणि झेंडे सोडून सरळ वर चढला.

"आजोबा, वाट इकडून आहे."

"ती दिसतीय की. पण वरची वाट बी इथूनच दिसतीय, मग मी एवढा वळसा कशाला घालू? तुमी तरी घालाल का पोरांनो?"

आकडे त्याच्याच बाजूने होते. ३० टक्क्यांचा चढ १२ टक्क्यांवर आणला तर तेवढीच उंची गाठायला वाट अडीच पट लांब होते. दमलेल्या माणसाला वरचा टप्पा हाताच्या अंतरावर दिसत असेल तर तो मधून कापणारच, आणि दहा जणांनी कापले की तिथे नवी घळ सुरू.

गटाने रेषा मोडून पुन्हा आखली. पाचची दोन वळणे झाली. ती कुठे घ्यायची हे आता उतारमापकाने नव्हे, जमिनीने ठरवले: एक मोठ्या खडकाला वळसा घालून, दुसरे दाट करवंदीच्या जाळीमागे. दोन्ही ठिकाणी वळणाआधीचा माणूस वळणानंतरची वाट पाहू शकत नव्हता. त्यासाठी काही टप्प्यांवर चढ १५ टक्क्यांपर्यंत जाऊ दिला. कुशीचा उतार तिथे ४० टक्क्यांच्या वर होता, त्यामुळे निम्म्याचा नियम तरीही पाळला जात होता. १० टक्क्यांच्या संकेताला चिकटून राहून पाच वळणे घेतली असती तर वाट पुस्तकात बसली असती आणि डोंगरावर पहिल्याच वर्षी फुटली असती, असे मला वाटते.

काम

सगळ्यात आधी ओहोळ. टप्प्यांचे दगड काढले, साचलेला गाळ उपसला आणि ओलांडायची जागा आजूबाजूच्या वाटेपेक्षा मुद्दाम खाली नेली. दोन्ही बाजूंनी वाट त्या लवणात उतरते आणि पुन्हा चढते, म्हणजे ओहोळ कितीही फुगला तरी त्याला वाटेने खाली जायला चढावे लागेल. तळाला सपाट दगड बसवले. लोकांचे पाय थोडे ओले होतात. होऊ देत.

नवी वाट खणताना डोंगराकडच्या बाजूने माती कापायची आणि वाटेचा तळ न हललेल्या जमिनीवर ठेवायचा, हे सूत्र होते. कापलेली माती दरीच्या कडेला टाकून त्यावर वाट रुंद करण्याचा मोह प्रत्येक नवख्याला होतो. ती कड पहिल्या पावसात सुटते. वाटेच्या तळाला दरीच्या बाजूला सुमारे ५ टक्के कल दिला, म्हणजे मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर. हा कल डोळ्याला जाणवतही नाही. गवंडीकाकांनी तपासायची सोपी रीत काढली: बाटलीतले पाणी ओतायचे. ते डोंगराकडे किंवा वाटेने गेले तर तेवढा तुकडा पुन्हा. त्याशिवाय दहा-बारा मीटरवर वाटेला एक लवण दिले, म्हणजे चढता चढता वाट दोन-चार पावले उतरते आणि पुन्हा चढते. कल बुजला तरी पाणी त्या लवणात बाहेर पडते. आडबांधांसारखी त्याची सतत साफसफाई करावी लागत नाही.

पहिल्या रविवारी आवाहनाला इतका प्रतिसाद मिळाला की अर्ध्या लोकांच्या हाती अवजारच नव्हते. रिकामे हात उभे राहायला जागा शोधतात आणि ती जागा नेमकी नव्या वाटेच्या कडेचे गवत असते. कुदळ-टिकाव चालवणाऱ्यांत तीन मीटरचे अंतर राहावे, हा सुरक्षेचा किमान नियम त्या गर्दीत पाळणे अशक्य होते. दुपारीच काम थांबवले. पुढच्या वेळेपासून आठ-आठ जणांच्या तुकड्या, प्रत्येकीला एक जाणता माणूस आणि ठरलेला तुकडा. नाव नोंदवल्याशिवाय येऊ नये असे कळवल्यावर काही जण दुखावले. काम मात्र वेगाने झाले.

दगडांचाही प्रश्न आला. खालच्या पायऱ्यांसाठी सुरुवातीला जवळच्या उतारावरचे दगड उकरून आणले जात होते. दोन रविवारांत तिथे नवे खड्डे दिसू लागले. गवंडीकाकांनी ते थांबवले आणि घळीच्या तोंडाशी पसरलेल्या घसाऱ्यातून दगड निवडायला लावले. लांब पडत होते, पण तो दगड आधीच सुटलेला होता. दगड उचलायचा नाही, पहारीने लोळवायचा. लोळवताना त्याच्या खाली कोणीही नाही. पायऱ्या खालून वर रचायच्या, वरचा दगड खालच्यावर थोडा टेकलेला, उंची १५ ते २० सेंटिमीटर. त्याहून उंच पायरी केली की लोक बाजूच्या मातीवरून चढतात. म्हणून दोन्ही कडांना मुद्दाम ओबडधोबड, टोकदार दगड रोवले. पाय ठेवायला सगळ्यात सोयीची जागा पायरीच राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

जुनी वाट कशी बंद केली

याकडे बहुतेक गट शेवटी, दमल्यावर वळतात. इथे ते नवी वाट खुली करण्याआधी झाले.

घळीत काही अंतरावर सुट्या दगडांचे आडवे बांध घातले. नियम असा: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा, म्हणजे दोघांमध्ये साचणारा गाळ जवळजवळ सपाट बसतो आणि पाण्याला वेग घ्यायला उतार उरत नाही. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट, नाहीतर पाणी बाजूने काठ कापून पळते. हे बांध घळ बुजवण्यासाठी नव्हते. वरून येणारा गाळ अडवून घळीने स्वतःच भरत यावे, एवढीच अपेक्षा.

माणसांना अडवायला फलक लावायचा का, यावर चर्चा झाली. फलक वाचून लोक थांबतात हा समज मला कधीच पटलेला नाही. ज्या फाट्यावर जुनी वाट रुंद, मळलेली आणि नवी वाट अरुंद, ताजी दिसते तिथे डोळे जुनीकडेच जातात. गटाने दोन्ही टोकांकडचा दिसणारा तुकडा पुसून टाकला: टणक झालेली माती टिकावाने सैल केली, नवी वाट खणताना निघालेले गवताचे गड्डे तिथे लावले, वरून काटेरी फांद्या आणि पालापाचोळा पसरला. आतली लांब घळ तशीच राहिली. वाट दिसतच नसेल तर तिच्यावर कोणी जात नाही. फलक लागला तो एकच, आणि त्यावर बंदी नव्हती, फक्त नव्या वाटेकडे बाण होता.

पहिला पावसाळा

ओहोळाचे लवण टिकले. घळीत येणारे पाणी डोळ्यांना दिसेल इतके घटले, आणि पोटरीभर पाण्याच्या जागी आता बांधांमागे डबकी साचतात.

खालच्या भागात, पायऱ्यांच्या वर घातलेल्या आडबांधांपैकी दोन तुंबले. ते वाटेला जवळजवळ काटकोनात बसवले गेले होते. काटकोनात आलेले पाणी बांधाला आपटून थबकते, गाळ तिथेच टाकते आणि मग माथ्यावरून उडी मारते. वाटेशी ४५ ते ६० अंशांचा कोन ठेवला तर पाणी वळते पण थांबत नाही आणि आपला गाळ आपणच बाहेर नेते. शेजारचे बांध याच कोनात होते, ते स्वच्छ राहिले. दोन्ही बांध उपटून पुन्हा बसवले. यावेळी दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत गाडला आणि बाहेर काढणारा चर लांब केला.

नव्या वाटेवर खडकाजवळचे वळण टिकले. करवंदीमागचे मात्र फुटले. उन्हाळ्यात जाळीची पाने विरळ झाल्यावर वरची वाट दिसू लागली आणि लोकांनी मधून कापायला सुरुवात केली. तिथे वाळक्या फांद्यांचा कूड घातला आहे आणि दर काही महिन्यांनी तो पुन्हा घालावा लागतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर लावलेल्या गवताने टोकांचा बराच भाग झाकला. घळीच्या खालच्या बांधांमागे गाळ भरला असून त्यात तण आले आहे. वरच्या बांधांमागे अजून फारसे काही नाही, कारण आता वरून पाणीच कमी येते. यावर गटात थोडी हळहळ व्यक्त झाली. मला ती गमतीची वाटली.

वेगळे काय करता आले असते

एक, नव्या वाटेच्या रेषेवर आधी दोन-चार खड्डे घेऊन माती पाहायला हवी होती. एका तुकड्यात हातभर खाली चिकणमाती लागली. ती पावलांनी दबून तिथला ५ टक्के कल वर्षभरात नाहीसा झाला आणि कडेला वरंबा चढला. रेषा थोडी वर सरकवली असती तर मुरूम मिळाला असता.

दोन, निगा राखायची पाळी काम संपल्यावर ठरली. ती आराखड्यातच हवी होती. लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्वयंसेवक केवळ चर आणि आडबांध साफ करण्यासाठी ठरवून फेऱ्या मारतात. इथे पहिल्या पावसाळ्यात कोणी कधी जायचे हे फोनवर ठरत गेले आणि ते दोन बांध तुंबल्याचे उशिरा कळले. फावडे घेऊन एकट्या माणसाने अर्धा तास घातला असता तर एक दिवसाचे काम वाचले असते.

तीन, फोटो. आधीचे फोटो भरपूर आहेत, पण प्रत्येक वेगळ्या जागेवरून, वेगळ्या कोनातून. घळ किती भरली हे आज कोणालाच नेमके सांगता येत नाही. चार ठिकाणी खुणेचे दगड ठरवून, दर वर्षी त्याच दगडावर उभे राहून फोटो काढले असते आणि घळीवर दोरी ताणून तळापर्यंतची खोली मोजली असती, तर पुढच्या परवानगीच्या वेळी कार्यालयासमोर ठेवायला काही हाती असते.

सुरुवातीची गर्दी टाळता आली असती का, यावर मतभेद आहेत. गटातल्या काहींच्या मते त्या रविवारी आलेल्यांतूनच पुढचे खरे कामकरी मिळाले. ते खरे असेलही. तरी अवजारे मोजून माणसे बोलवावीत, या मताचा मी आहे.

वरच्या सपाटीचा प्रश्न तसाच आहे. तिथे उतार इतका कमी आहे की पाणी वाहतच नाही, साचते. लोक चिखल टाळून फाकतात आणि वाट दर वर्षी रुंद होते. तिथे ना लवण चालते ना आडबांध. वाट आजूबाजूपेक्षा उंच करून दोन्ही अंगांना चर काढावे लागतील, आणि त्यासाठी लागणारा मुरूम त्या उंचीवर मिळत नाही. कार्यालयाकडे त्या भागासाठी वेगळा अर्ज गेला आहे. या वेळी त्याला पावसातल्या पाहणीची नोंद आधीच जोडलेली आहे.